एकोणचाळीस फुल्या

भिंतीला कान असतात म्हणे.
डोरन्स स्वतःचाच कान भिंतीला लावतो,
बोटाच्या पेराने टकटक करत सरकतो
जिन्यापासून खिडकीपर्यंत.
भरीव आवाज आला की पुढे,
पोकळ आला की निळ्या खडूची फुली.
मी मागून मोजतो. एकोणचाळीस.

बफेलोतलं घर, एकोणीसशे अकराचं.
बाहेर सरोवराने पाठवलेला बर्फ कमरेइतका,
आत हॅलिनाबाई कोट घालूनच उभ्या,
कारण रेडिएटर आम्ही काढून ठेवलाय.
त्यांचा पुतण्या म्हणतो, पाडा सगळं,
जिप्समचे तक्ते ठोका, चार दिवसांत मोकळे.
हिशेब त्याचा चूक नाही.
डोरन्स एक पोपडा उचलून
त्याच्या तळहातावर ठेवतो.

चुना, वाळू, आणि त्यात तांबूस केस.
"घोड्याचा."
पुतण्या केस ओढून बघतो. तुटत नाही.
मग हात पँटला पुसतो.

मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं,
गिलावा दिसतो पुढून, पण उभा असतो मागून.
लाकडी पट्ट्यांच्या फटींतून ओला माल पलीकडे जातो
आणि अंधारात मूठ आवळतो.
अशा हजारो मुठी.
मग रस्त्यावरून ट्रक जातात,
पोरं जिन्यावरून उड्या मारत उतरतात,
दर हिवाळ्यात लाकूड आकसतं,
एकेक मूठ सुटत जाते.
भेग दिसते ती फार नंतर.

फुलीवर भोक, भोकात गोंद,
वर छिद्रांची चकती, स्क्रू हळूहळू आवळायचा,
घाई केली तर भिंतच हातात येते.
जिन्याखालचा तुकडा मात्र वाचला नाही.
तो पाडला, तेव्हा पट्टीवर पेन्सिलीचे आकडे निघाले:
चौदा, नऊ, बावीस. खाली चव्वेचाळीस.
हॅलिनाबाई चष्मा शोधून आणतात.
पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय त्यांनी.
"एकाने चुकलाय," म्हणतात,
आणि सकाळपासून पहिल्यांदा हसतात.
पुसू का, मी विचारतो.
"नको. झाकून टाक, पण चुकीसकट."

पट्ट्यांवर आधी पाणी मारतो,
नाहीतर शंभर वर्षं तहानलेलं लाकूड
मालातलं पाणी पिऊन टाकतं.
करणीने दाबतो.
पलीकडे काय होतंय ते दिसत नाही,
मनगटाला फक्त कळतं,
अडलेला माल एकदम सैल होऊन आत गेला.
चव्वेचाळीस दिसेनासे होतात.

संध्याकाळी पुतण्या चेक घेऊन येतो.
डोरन्स बादल्या धूत असतो.
बूट घालता घालता पुतण्या
दाराशेजारच्या भिंतीवर सहज बोट वाजवतो,
थांबतो,
वीतभर वर पुन्हा वाजवतो.
ती भिंत आमच्या कामात नव्हती.
मी खडू खिशातच ठेवतो.