कोरडा ब्रश

छत्री मंडीत कुशवाहनं तराजू खाली ठेवला
आणि दटावल्यासारखं म्हणाला,
"चाची, धोना मत. पानी पी जाते हैं."
पाव किलो मश्रूम.
एका माणसाला पाव किलो म्हणजे तीन दिवसांचा संसार.
पूर्वी एका जेवणात उडायचे,
कढई पुसायला पोळी कमी पडायची.

घरी येऊन आधी प्लास्टिक फाडलं.
आतून घाम फुटलेला.
मुरैन्याकडच्या कुठल्याशा अंधाऱ्या छपरातून निघालेली ही मंडळी,
लष्करच्या उजेडात बावरली असणार.
यांना कागदाची पिशवी लागते.
माझ्याकडे तिची कमी नाही.
केमिस्टच्या पिशव्या, खाकी, ड्रॉवरभर,
टाकू टाकू म्हणत राहिलेल्या.
एकीच्या तळाशी बिल होतं.
वाचायचं नाही ठरवून वाचलं:
अच्युत ग. पागनीस, वय ७४,
गोळ्या दहा, मलम एक, भाद्रपदातली तारीख.
बिल काढून मश्रूम ठेवले.
तोंड घट्ट बंद केलं नाही,
श्वासापुरती फट ठेवली.
फ्रिजच्या मधल्या फळीवर, दह्याशेजारी.

लहानपणी यांना आम्ही कुत्र्याची छत्री म्हणायचो.
चुकून बोट लागलं तरी आई
मोरीत नेऊन कोपरापर्यंत हात धुवायची.
आमच्या गावात राजा गेला
की त्याची दगडी छत्री उभी राहते,
कुत्र्याची उकिरड्यावर आपोआप उगवते.
"मग मधल्यांनी काय करायचं?"
हे विचारायचे, चहा ढवळता ढवळता,
आणि उत्तराची वाट न बघता दाढीला जायचे.

दुसऱ्या दिवशी निवडायला बसले.
ओलसर फडक्यानं माती निघेना, नुसतीच पसरली.
काहीतरी मऊ हवं होतं.
आरशामागच्या फळीवर ह्यांचा ब्रश होता,
बाड्यावरून घेतलेला, लाकडी मुठीचा.
चौतीस वर्षं एकच भांडण:
ओला ठेवू नका, बेसिनला डाग पडतो, केस कुजतात.
"हो," म्हणायचे.
ओलाच ठेवायचे.

बेसन लावून धुतला, चारदा.
सकाळी धुक्यातून जे काही ऊन आलं
त्यात गच्चीवर वाळवला.
नाकाशी धरला. साबण अजून होताच,
पण मागे सरकलेला.
एका मश्रूमवर चालवून तो खाऊन पाहिला,
कच्चाच. ठीक होता.

फेस न करता ब्रश चालवायची हाताला सवय नाही.
हात आपसूक गोल फिरायला लागला.
शेवटचे चार महिने ह्यांची दाढी मीच केली.
आधी जिभेनं गाल आतून फुगवून द्यायचे,
मग तेही होईना,
मी बोटांनी कातडी ताणून धरायची.
जिथं बोट टेकायचं तिथं खूण उठायची
आणि जाता जायची नाही.
याही गोऱ्या टोप्यांवर, बघा,
जरा जोर झाला की तपकिरी ठसा.
म्हणून हलक्या हातानं.
देठाचं बूड चाकूनं कापलं, बाकी काही नाही.

तिसऱ्या दिवशी पिशवीत पाच उरले.
एकाची छत्री उघडली होती,
खालच्या काळसर झालरी दिसत होत्या.
कुशवाहचं म्हणणं, चिकट लागत नाही तोवर खराब नाही.
चिकट नव्हता.
कागद मात्र दमट झाला होता,
पिशवीवरची केमिस्टची अक्षरं फुगलेली.
उघडलेला आधी घातला, लसणावर.
मग बाकीचे.

एक थेंब लावला नव्हता यांना,
तरी कढईत केवढं पाणी सुटलं.
कधी प्यायले होते, कोण जाणे.

यावर झाकण ठेवायचं नसतं,
आटेपर्यंत उभं राहायचं.
राहिले.