खंड

पाकीट पातळ. खिडकीतून आमचं आडनाव दिसतं,
त्यातलं एक अक्षर दर वर्षी गाळलेलं.
आत नऊशे बारा डॉलर,
आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द: भात.

मी भात लावत नाही.
मी एल कॅम्पोच्या हॉस्पिटलात रात्रपाळीला गोळ्या मोजते,
पद्माकर पुलांच्या भेगा तपासत टेक्सासभर हिंडतो.
हे दहा एकर आम्ही घेतले मोकळ्या हवेसाठी,
आणि थोडे, खरं सांगायचं तर, फोटोंसाठी.
आमचा भात येतो ह्यूस्टनहून,
बासमतीचं पोतं, डिकीत आडवं झोपवून.

कृषी कार्यालयातली लोरीन,
चष्म्याला मण्यांची साखळी, टेबलावर पेकानची वाटी,
म्हणाली, हनी, पैसे जमिनीला असतात, माणसाला नसतात.
इथे पूर्वी भात होतं, हे सरकारच्या लक्षात आहे.
त्या लक्षात असण्याचे हे पैसे.
पेरायलाच हवं असं काही नाही.
इथे सही. आणि इथे.

मी सही केली. पहिल्या वर्षी हसत,
दुसऱ्या वर्षी, पेन लवकर सापडेना म्हणून चिडत.

जमिनीला मात्र खरंच आठवतं.
गवत कापलं की हिरवळीखालून जुने बांध वर येतात
नागमोडी,
आणि पद्माकर त्यांच्यावरून यंत्र चालवताना
होडीत बसल्यासारखा डुलतो.
पावसानंतर क्रॉफिश मातीची धुराडी बांधतात
अंगणभर, वीतभर उंच.
नोव्हेंबरात रात्री बदकं येतात,
पाणी शोधत दोन घिरट्या घालतात ट्रॅम्पोलिनवर
आणि पुढे जातात.
ट्रॅम्पोलिन पहिल्या चेकचं.

लिओन ओर्साकने इथे एकतीस वर्षं भात पिकवलं.
खंडाने. मालक डॅलसचा, दातांचा डॉक्टर,
बदकांच्या शिकारीला वर्षातून एकदा यायचा.
चेक वाढला की खंड वाढायचा.
मग एका मार्चमध्ये डॉक्टरने प्लॉट पाडले,
आणि लिओन आता शाळेची पिवळी बस चालवतो.
तिच्यात तिसऱ्या सीटवर आमचा निनाद.

त्याला ठाऊक असणार.
यादी उघडी असते, नाव घालून कुणीही बघावी.
पण त्याने एकदाच काही विचारलं,
बसच्या पायरीवरून, इंजिन चालू ठेवून:
तिसरा बांध अजून दिसतो का?
वाकडा पडलाय तो. मी नवा नवा होतो, पाण्याची पातळी चुकली.
दिसतो, मी म्हटलं.
तो खूश झाला, आणि मला कुठे बघावं कळेना.

आईचे वडील पेणजवळच्या अठरा खंडी भाताबद्दल
मरेपर्यंत बोलत.
कूळकायदा आला, कुळांच्या नावावर जमीन लागली,
आणि पुढची तीस वर्षं ते गिरगावातल्या गॅलरीत बसून म्हणत:
आमचं भात गेलं.
मी आठवीत होते, शाळेत नागरिकशास्त्र नुकतंच शिकलेली.
आजोबा, म्हटलं, तुम्ही कधी चिखलात उतरला होतात?
कसेल त्याची जमीन.
त्यांनी तपकिरीची डबी उघडली, मिटली.
घरातले सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने.

आयत्या बिळात नागोबा, हे मी त्यांना म्हणाले नव्हते.
मनात होतं.
त्या मनाला आता काय सांगू,
की एक खंड ओलांडून आले,
आणि दुसऱ्या खंडावर सही करून बसले?

पद्माकर म्हणतो, परत केला तर कुणाला जाईल?
त्याला उत्तर येत नाही. मलाही नाही.
लोरीनला विचारलं, तिच्याकडे त्याचा फॉर्म नव्हता.

आज पाळी संपवून आले तेव्हा पेटीत पाकीट होतं.
बस वळणावर होती.
लिओनने नेहमीसारखी स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली.
मीही हात वर केला,
पाकीट नसलेला.