सहावं गाणं

उद्यमनगरात, जेवणाच्या सुट्टीत
लेथच्या बेडवर मोबाईल ठेवून
ऐकला सगळा अल्बम. अकरा गाणी.
पोरगा सुभाषनगरचा,
आवाज खरखरीत, कानस फिरवल्यागत.

धोंडबा म्हणाला, नाद खुळा, पण लई पळतंय,
ऐकणाऱ्याला धाप लागती.
इलाहीला मागची हलगी आवडली.
कसली हलगी लेका, कॉम्प्युटर हाय त्यो.
फोरमन म्हणाले, विषय चांगलाय, शिव्या कशाला?
सकाळीच त्यांनी ॲप्रेंटिसला तीन घातल्या होत्या,
आईवरनं.

संध्याकाळी तुटक्या अंगठ्याची चप्पल घेऊन
पोराच्या बापाकडं गेलो.
ऐकलंसा का, विचारलं.
मान वर न करता म्हणाला,
"तिसऱ्यात चुकलाय.
बाभळीच्या सालीत कातडं आठ दिवसांत हुईत न्हाई,
महिना जातोय. माझा बाप करायचा.
सांगितलंय त्याला."
वादी दातात धरून ओढली.
"बाकी खरं हाय."

पैसे दिले. चप्पल घातली.
त्याला बोललो नाही
की सहावं गाणं मी दोनदा पुढं ढकललं,
तिसऱ्यांदा एकट्यानं ऐकलं, रंकाळ्यावर, इअरफोन घालून.
त्यात मोरीवरच्या कोनाड्यात
एक कप उपडा ठेवलेला आहे,
वेगळा.
कुणाच्या घरातला, ते पोरगं सांगत नाही.
नक्षी तेवढी सांगतं:
निळं फूल, पाच पाकळ्या.

चुकलाय.
आमच्या कपावर सहा आहेत.
बहुतेक सहा.
घरी जाऊन बघायला पाहिजे.