एक जून

शुक्रवार पेठेत, वाचनालयाच्या पायरीशेजारी
एक फळा आहे. रोज सकाळी साडेसहाला
त्यावर मी दिनविशेष लिहितो.
निवृत्त हेडमास्तर, दुसरं येतंय काय.
वर तारीख. खाली घटना. मग जन्म, मग मृत्यू.
जागा उरली तर सुविचार.
सहसा उरू देत नाही.

आज एक जून.
एसटीची पहिली गाडी आजच सुटली, हे दरवर्षी लिहितो
आणि दरवर्षी बापूसो मुल्ला, केएमटीचा जुना ड्रायव्हर,
दुधाची किटली खाली ठेवून विचारतो,
"आणि आमचं नाव कुठाय, गुरुजी?"
त्याचा वाढदिवस आज.
त्याच्या मागून येणाऱ्या तुकाराम सरनोबताचाही.
पानपट्टीवाल्या ईश्वराचा, त्याच्या बायकोचा,
तिच्या थोरल्या भावाचा.
सगळे आजच जन्मले. मीच जन्माला घातले.
माझाही आजच असतो,
माझ्या गुरुजींचं अक्षर तेवढं वाईट होतं.

जूनमध्ये शाळा उघडायची. दारात रांग.
आया सांगायच्या:
जोतिबाच्या यात्रेच्या आदल्या रात्री बघा.
गुऱ्हाळ चालू होतं, काहिलीत रस उकळत होता तवा.
पंचगंगेचं पाणी दीपमाळेला लागलं होतं.
म्हैस आणि मी एकाच पहाटे मोकळ्या झालो.
पेनचं टोपण काढून मी एवढं सगळं ऐकायचो
आणि रजिस्टरात लिहायचो: एक जून.
सहा वर्षं भरायला हवीत, नियम एवढाच.
रस, पाणी, म्हैस मावेल असा रकाना
सरकारनं छापला नव्हता.

त्यामुळं एकतीस मे म्हणजे
आमच्याकडं निवृत्तीची सुगी.
महाद्वार रोडवर शाली संपतात, नारळ चढतो,
एका संध्याकाळीत अख्खी पेठ म्हातारी होते.
यावर आम्ही हसतो. मीही हसतो.

फक्त श्रीपती कुरणे.
शिरोलीच्या फाउंड्रीत तापलेला रस अंगावर आला,
चौदा मे, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.
मरणाची वेळ किती नीट लिहितात माणसं.
दाखल्यावर त्याला अठरा पुरी व्हायला
अठरा दिवस कमी होते.
मालक म्हणाला, एवढं लहान पोरगं आमच्याकडं
कामाला नव्हतंच कधी.

हौसाक्का शाळेत आली. खुर्चीत बसली नाही.
"दिवाळीतला हाय माझा. पहिल्या आंघोळीदिवशी,
पाणी तापायच्या आधी.
गेल्या दिवाळीलाच अठरा सरली की.
तुमास्नी सांगितलं हुतं मी.
तुमी मान हलवली हुती."

हलवली असेन.
रजिस्टर काढलं. अक्षर माझंच, वळणदार,
खाडाखोड कुठं नाही.
आता बदलता येत नाही, मी म्हणालो.
ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होती,
वाचता येत नव्हतं तरी.
मग म्हणाली,
"जन्म लिवलाय तसा मरणबी एक जूनलाच लिवा.
अठरा तरी भरतील."

ऊन फळ्यावर आलंय.
खडूचं पांढरं बोटांना, धोतराला.
बापूसो अजून उभा आहे. "नावं ऱ्हाऊ द्या गुरुजी,
नुसतं 'पेठेतली मंडळी' लिवा."
लिहितो. जन्माच्या रकान्यात, सगळ्यात खाली, बारीक.
श्रीपतीला त्यात धरायचं की नाही
हे दरवर्षी ठरवायचं राहून जातं.

उद्याची वही रात्रीच काढून ठेवलीय.
घटना चार, जन्म तीन, मृत्यू दोन,
सगळे परगावचे.
दोन जूनला आमच्या पेठेत
आजवर कुणीच जन्मलेलं नाही.