गवत लागलं तरी

प्रश्नावलीत सात शब्द आहेत.
कुणीतरी शहरात बसून नीट मराठीत आणलेले:
'जळजळ', 'विद्युत धक्का', 'वेदनादायक थंडावा'.
पार्बताबाई घोडमारे तिसऱ्यावर अडतात.
"थंडं दुखते कसं व माय?"

डाव्या कुशीवरून पाठीकडे नागीण गेली
त्याला दोन दिवाळ्या झाल्या.
तोंड-शेपूट जुळलं की माणूस जाते, असं गाव म्हणत होतं.
जुळलं नाही. खपल्या गळल्या, कातडी बुजली.
तरी पदर त्या अंगाला लागू देत नाहीत,
हातानं लांब धरून बसतात,
जसं पराया माणसाचं लुगडं.

नागपूरचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत: नॉर्मल.
सुनेनं तो शब्द मोठ्यानं वाचला
तेव्हापासून घरात कुणी विचारत नाही.

मी पिशवी उघडते. कंप पावणारा काटा, टोचणी,
आणि निळ्या कागदात गुंडाळलेला कापूस.
त्या हसतात.
"चाळीस वर्षं येचला, अन् तू मले कापूस दाखवते?"

उजवीकडे फिरवते. काही नाही.
डावीकडे
श्वास अर्ध्यात थांबतो, खाटेची दोरी मुठीत.
मग टोचणी, त्याच चार बोटं जागेवर.
"टोचली का?" त्या मलाच विचारतात.

मी सांगू लागते, की नस म्हणजे समजा वायर,
वरचं वेष्टण गेलं की…
"झटका मशीन," त्या म्हणतात.
"बबनच्या वावरात डुकरासाठी तार हाय.
गवत वाढलं, तारेले लागलं, का भोंगा सुरू.
डुक्कर-गिक्कर काही नाही.
पण बबन त उठतेच न, बॅटरी घेऊन,
रोज रातच्याले.
थेच हाय माह्या आंगात."

पाच वर्षं मी उंदरांच्या पाठीच्या कण्यात
हेच शोधत होते.
फॉर्ममध्ये गवताला चौकट नाही.
समासात लिहिते, बारीक अक्षरात.

"म्हणजे खोटं नाही न माह्यं?"
"नाही."
"मंग लेहून दे. सूनले दाखवाले."

नॉर्मलच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून देते:
दुखणं खरं आहे. नसेचं आहे. खाली सही, तारीख.
शाई ओली आहे, म्हणते.
त्या कागद तोंडाजवळ नेऊन
हळू फुंकर घालतात.
कुशीवर फुंकरही चालत नाही त्यांना.