शनिवारी सातच्या आत

स्ट्रॉमनेसची फेरी शुक्रवारी पावणेपाचला. वारा नसेल तर.
असेल तर शीनाचा दुसरा बेत:
पहाटेची बोट, पुढे बस, इन्व्हर्नेसला उभ्याउभ्या सँडविच,
ग्लासगोत धावतपळत सातच्या आत.
धारा एर्लंडकडे, कोंबड्या देवाच्या भरवशावर.
वीजबिलाच्या पाकिटावर इंगानं सगळं मांडलं,
खोलीचं भाडं दोनदा खोडलं.

"बुडालेल्या जहाजांच्या गप्पा ऐकायला
बोटीनं निघालात," एर्लंड म्हणाला,
"मंगळवारी घरबसल्या फुकट मिळतील की."

मिळतील.
चार वर्षं तशाच ऐकल्यात तिनं, कानात बोंडं घालून,
गोठ्यात एकटीच खदखदलीय
आणि गाई दचकल्यात.

या खेपेला तिचं हसू
रेकॉर्डिंगात हवंय,
बावन्नाव्या मिनिटाला कुठेतरी,
खोकल्यासकट.

वारा मात्र वाढतोय.