ग्रुपचं नाव

काढला तेव्हा नाव होतं
‘आंबेवाडी पूर : होडी, दूध, औषध’.
परवा अर्ज भरले
आणि रातोरात झालं
‘आपला माणूस, आपलं रक्त’.

सकाळी सातलाच व्हिडिओ.
ढोल, गुलाल, मोठ्ठ्या अक्षरांत
ते कोण, आपण कोण.
खाली चाळीस अंगठे. एक माझा,
धार काढता काढता दाबलेला.

फोन भरला म्हणून
जुनं पुसायला वर वर गेलो.
रात्री पावणेदोन :
‘शेवंताक्काचं इन्सुलिन संपलंय.’
‘आलो. गुऱ्हाळाची काहील सोडतोय पाण्यात.’
– इलाही नदाफ.

पुसलं नाही.
खाली आलो तर काल नऊ दहाला,
दोन ढोलांच्या मधी,
बारक्या करड्या अक्षरांत
इलाही नदाफ ग्रुपमधून बाहेर पडले.

त्यावर कुणाचा अंगठा नाही.
आक्कानं आज गुलाबाचं फूल पाठवलंय,
सगळ्यांना.